एकच तळे, पुन्हा पुन्हा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



‘छंद आणि शिक्षण’ ह्या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली आहे. छंद किती प्रकारचे असतात, त्यांचे फायदे कोणते, ही यादी तुम्हांला निबंधाच्या पुस्तकात मिळेल. म्हणून मी एकाच छंदाविषयी बोलणार आहे, आणि तोही असा की ऐकणाऱ्याला प्रथम हसू यावे. गेली दहा वर्षे मी एकाच जागेची छायाचित्रे काढीत आलो आहे. ती जागा काश्मीर नव्हे की महाबळेश्वर नव्हे. तुळजापूर रस्त्याने सात-आठ किलोमीटर गेल्यावर लागणारा आपला हिप्परग्याचा तलाव, त्याच्या काठावरचा एक काळा दगड, आणि त्या दगडावर उभे राहून पश्चिमेकडे दिसते ते एवढेच. महिन्यातून दोन रविवारी, असरनंतर आणि मगरिबच्या आधी, मी तेथे जातो आणि एक छायाचित्र काढून परत येतो.

तेथे एक चहावाले चाचा आहेत. त्यांनी पहिली दोन वर्षे मला पाटबंधारे खात्याचा माणूस समजून आदराने चहा दिला. मी शाळामास्तर आहे हे कळल्यावर त्यांनी विचारले, “मास्तर, तेच पाणी, तोच दगड. एकदा फोटो काढला की झाले. पुन्हा पुन्हा काय काढता?” प्रश्न अगदी रास्त आहे. आजचे माझे सर्व बोलणे म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर समजावे.

आधी त्या जागेची ओळख करून देतो, कारण जवळची वस्तू आपण गृहीत धरतो. सरकारी दप्तरात ह्या तलावाचे नाव एकरूख तलाव. आदिला नदीवर मातीचा भराव घालून इंग्रजी अमदानीत तो बांधला गेला आणि १८७१ मध्ये पुरा झाला. म्हणजे सोलापूरची जुनी गिरणी १८७७ मध्ये निघाली, तिच्याही आधीचा हा तलाव. आपल्या खापर-पणजोबांनी हे पाणी पाहिले. पण आपल्या घराघरांतून जे जुने अल्बम आहेत, त्यांत हा तलाव कितीजणांना सापडेल?

आमच्या घरच्या अल्बममध्ये तलाव आहे, पण तो हिप्परग्याचा नव्हे. माझे दादा-दादी लग्नानंतर स्टुडिओत जाऊन फोटो काढून आले. त्यांच्या मागे रंगवलेला पडदा आहे. त्या पडद्यावर तळे आहे, तळ्यात हंस आहे, पलीकडे महाल आहे. खरा तलाव सायकलने पाऊण तासाच्या अंतरावर असताना कापडावरच्या तळ्यापुढे फोटो निघाला. त्यात त्यांचा दोष नव्हता. त्या काळी फोटो ही चैन होती. पुढे घरोघरी आग्फा क्लिक-थ्री नावाचा साधा कॅमेरा आला, त्याच्या एका रोलवर बाराच फोटो निघत. ते बारा फोटो लग्न, अकीका, हजला निघालेले नातेवाईक ह्यांच्यासाठीच पुरत नसत, मग तलावासाठी एक कोण खर्च करणार? त्यामुळे घडले असे की माणसे कागदावर राहिली, पण ज्या गावात ती राहिली ते गाव राहिले नाही.

आता फोटोला पैसा पडत नाही. तरीही तो रंगवलेला पडदा आपल्या मागून गेलेला नाही, हे मी शिक्षक म्हणून सांगतो. नववीच्या वर्गाला मी ‘निसर्गाचे सौंदर्य’ ह्या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. चाळीस वह्यांपैकी बहुतेकांत झुळझुळ वाहणारा झरा होता, हिरवीगार डोंगररांग होती, नारळीची बने होती, आणि समुद्रावर सूर्यास्त होता. त्या मुलांपैकी समुद्र पाहिलेली मुले हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी. बाभळीचा उल्लेख एकाही वहीत नव्हता. काळी माती नव्हती, ज्वारीचे ताट नव्हते, उन्हाळ्यातला पांढरा पडलेला माळ नव्हता. आपली मुले दुसऱ्याच्या गावाचे वर्णन दुसऱ्याच्या शब्दांत करीत होती, कारण आपल्या गावात पाहण्यासारखे काही आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. घरी दखनी बोलणाऱ्या मुलाला मराठी लिहिणे अवघड जाते असे आपण म्हणतो. माझा अनुभव असा की मुलाने स्वतः पाहिलेले काही त्याच्यापाशी असेल तर तो शब्द शोधून काढतो. ज्याच्यापाशी सांगण्यासारखे काही नाही, त्याला पाठ केलेले शब्दच वापरावे लागतात.

एकच वस्तू पुन्हा पुन्हा पाहणे, ही काही माझी शोधून काढलेली युक्ती नव्हे. हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेले इब्न अल-हैसम ह्यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. ‘किताबुल मनाझिर’ हा प्रकाशशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ पुढे युरोपातही शतकानुशतके अभ्यासला गेला. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र ठेवले की बाहेरचे दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे उमटते. आजचा कॅमेरा ह्याच तत्त्वावर चालतो. ग्रहणाच्या वेळी अशा छिद्रातून सूर्याची कोर कशी उमटते, ह्याचा इब्न अल-हैसम यांनी बारकाईने अभ्यास केला. छिद्र लहान-मोठे केले तर प्रतिमेत काय फरक पडतो, हे त्यांनी तपासले. एकच गोष्ट बदलावयाची, बाकी सर्व तसेच ठेवावयाचे, आणि पुन्हा पाहावयाचे, ही त्यांची रीत. विज्ञानाच्या तासाला आपण जिला प्रयोग म्हणतो, ती हीच.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण द्यावयाचे तर दादासाहेब फाळके यांचे देता येईल. १९१३ मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्या आधी, १९१२ मध्ये, चित्रपटासाठी भांडवल उभे करताना त्यांनी एक छोटी फीत तयार केली होती. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा एका जागी पक्का बसवला, आणि महिनाभर ठरावीक अंतराने त्या एकाच कुंडीची चित्रे घेत राहिले. ती चित्रे सलग दाखवली तेव्हा मिनिट-दोन मिनिटांत कोंब वर आला, पाने फुटली, वेल चढली. ‘अंकुराची वाढ’ हे त्या फितीचे नाव. पाहणाऱ्यांनी वाटाणा काय कधी पाहिला नव्हता? पाहिला होता, पण तो वाढताना पाहिला नव्हता. भारतीय चित्रपटाच्या धंद्याला भांडवल मिळाले ते अशा एका कुंडीकडे न कंटाळता पाहत राहिल्यामुळे.

आणखी एक गृहस्थ सांगतो. चेकोस्लोव्हाकियातील प्राग शहरात जोसेफ सुदेक नावाचे छायाचित्रकार होते. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन त्यांचा उजवा हात गेला. दुसऱ्या महायुद्धात शहर जर्मन फौजांच्या ताब्यात असताना रस्त्यात कॅमेरा घेऊन फिरणे कठीण झाले, तेव्हा त्यांनी आपल्या स्टुडिओच्या खिडकीतून बाहेर दिसणाऱ्या दृश्याची छायाचित्रे घेण्यास सुरुवात केली. अंगणातले एक वाकडे झाड, काचेवरचे दव, बर्फ, पाऊस. १९४० ते १९५४ ते ही खिडकी पाहत राहिले. ज्याला बाहेर जाता येत नाही त्याच्यासाठीही जग बंद होत नाही, एवढे ह्या एकहाती माणसाने दाखवून दिले.

शास्त्रज्ञांनी हीच पद्धत मोजमापासाठी वापरली. १८८८ च्या सुमारास फिन्स्टरवाल्डर नावाच्या जर्मन गणितज्ञाने आल्प्स पर्वतातल्या हिमनद्यांची छायाचित्रे ठरावीक ठिकाणांवरून घेऊन त्यांची मापे काढावयास सुरुवात केली. त्याच ठिकाणी उभे राहून पुढच्या लोकांनी छायाचित्रे घेतली, तेव्हा हिमनदी किती मागे हटली हे वाद न घालता दिसू लागले. आणि २३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने ‘लँडसॅट’ मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. तो दर अठरा दिवसांनी जमिनीच्या त्याच तुकड्यावरून जात असे. पुढचे उपग्रह दर सोळा दिवसांनी जाऊ लागले. १९७२ म्हटले की आपल्या जिल्ह्यातील बुजुर्गांना दुष्काळ आठवतो, खडी फोडणे आठवते. त्याच वर्षी आकाशात पृथ्वीकडे पुन्हा पुन्हा पाहणारा एक डोळा उघडला. २००८ पासून ती चित्रे कोणालाही विनामूल्य पाहता येतात. आपल्या शाळेच्या संगणकावर मुलांनी हिप्परग्याचा तलाव पाहिला आहे. पावसाळ्यानंतर पसरलेला, मे महिन्यात आकसलेला. अमेरिकेचा उपग्रह आणि सोलापूरचा मास्तर एकाच कामाला लागले आहेत, असे मी गमतीने म्हणतो.

मग माझ्या छायाचित्रांत काय दिसते? पहिली गोष्ट सूर्याची. सूर्य पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो, हे आपण पहिलीपासून शिकवतो. खरे पाहता तो ठीक पश्चिमेला वर्षातून दोनदाच मावळतो, मार्चच्या आणि सप्टेंबरच्या एकवीस-बावीस तारखेच्या सुमारास. जूनअखेर तो सोलापुरात पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे पंचवीस अंश सरकलेला असतो, आणि डिसेंबरअखेर तितकाच दक्षिणेकडे. मशिदीत टांगलेल्या वेळापत्रकात मगरिबची वेळ नोव्हेंबरअखेर सहाच्या आत येते आणि जुलैच्या आरंभी सातच्या पुढे जाते. ते वेळापत्रक आपण रोज पाहतो, पण वेळेबरोबर जागाही सरकते हे लक्षात येत नाही. ते मला दगडावर उभे राहिल्यावर दिसले.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. मृगावर भरवसा ठेवावा आणि पाणी हस्ताने द्यावे, असा आपल्याकडचा अनुभव आहे. परतीच्या पावसानंतरच्या छायाचित्रात पाणी दगडाच्या जवळ येते. फेब्रुवारीपासून ते मागे सरकू लागते आणि उघड्या पडलेल्या ओल्या मातीत गाळपेर होते. एप्रिल-मेमध्ये त्याच जागी मातीला भेगा पडतात आणि गुरे चरताना दिसतात. ज्याने फक्त ऑक्टोबरात फोटो काढला, तो म्हणेल सोलापूरला पाण्याची ददात नाही. ज्याने मे महिन्यात काढला, तो म्हणेल येथे तलाव होता कोठे? दोघेही खरे बोलतात आणि दोघांचेही म्हणणे अपुरे आहे. माणसाविषयी, समाजाविषयी मत बनवतानाही आपण एका फोटोवर किती वेळा निकाल देतो, ह्याचा विचार आपण सर्वांनी करावा.

असाच एक निकाल आपल्या माळरानांविषयी दिला गेला. नान्नजचा माळ आपल्यापासून वीस-बावीस किलोमीटरवर. उन्हाळ्यात जाणारा-येणारा त्याला पडीक म्हणून पुढे जातो. पण त्या गवतात माळढोक राहत होता, काळवीट आणि लांडगा आजही आहेत. थोड्या माणसांनी तेथे वर्षानुवर्षे जाऊन पाहिले, म्हणून तो माळ रिकामा नाही हे कळले आणि १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य जाहीर झाले. आता तेथे माळढोकाचे दर्शन जवळजवळ दुर्मीळ झाले आहे. पाहणाऱ्यांची नजर पोहोचेपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो, हीही त्यातली शिकवण आहे.

आता तुमच्यापैकी अनेकजण मनात म्हणत असतील की मास्तरांना रविवारी मोकळा वेळ आहे, मोटारसायकल आहे, त्यांचे ठीक आहे. म्हणून मी आमच्या एका विद्यार्थिनीची हकीकत सांगतो. २०२० सालच्या जूनमध्ये शाळा बंद होत्या आणि आम्ही फोनवर शिकवीत होतो. मलाही तलावावर जाता येत नव्हते. तेव्हा मी नववीच्या मुलांना सांगितले की घरातून, खिडकीतून किंवा गच्चीवरून दिसणारी एक जागा निवडा आणि जमेल तेव्हा तिचा फोटो काढून वहीत एक ओळ लिहा. बहुतेकांनी आठ-दहा दिवस काढले आणि सोडून दिले. एका मुलीने सोडले नाही. तिच्या घरी फोन एकच होता आणि तो वडिलांबरोबर यंत्रमागाच्या कारखान्यात जाई. संध्याकाळी वडील घरी आले की तीन भावंडांत तो फिरे. तिच्या वाट्याला आलेली वेळ ही मावळतीची होती. घराची गच्ची हीच तिची जागा. तेथून शेजारच्यांची पाण्याची टाकी, मधे एक कडुनिंब आणि डावीकडे मशिदीचा मिनार दिसे.

तिने पावसाळाभर फोटो काढले. वहीत पुष्कळ दिवस एवढेच लिहिले आहे, “आज सूरज नाही.” १४ ऑक्टोबरचा तो मुसळधार पाऊस सर्वांना आठवत असेल. त्या दिवशी तिने लिहिले आहे, “गच्चीवर जाता आले नाही, घरात पाणी भरत होतो.” नोव्हेंबरात तिचा मला फोन आला. “सर, जूनमध्ये सूरज टाकीच्या मागे मावळत होता. आता मिनाराजवळ आला. सूरज सरकतो की आमची गच्ची?” मित्रहो, पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे वाक्य मी अनेक वर्षे फळ्यावर लिहीत आलो. त्या वाक्यावर इतका चांगला प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी तिला उत्तर लगेच दिले नाही. डिसेंबर संपेपर्यंत फोटो काढ, मग तूच मला सांग, असे म्हणालो. जानेवारीत तिने सांगितले, “सर, मिनाराच्या पुढे गेला नाही. तेथून परत फिरला.”

ह्या हकीकतीत मला अधिक मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. तिचे वडील प्रथम नाराज होते. फोनवर अभ्यास करायचा सोडून पोरगी आभाळाचे फोटो काढते, असे ते मला म्हणाले होते. पण डिसेंबरात त्यांनी कामावरून येताना सूर्य कोठे आहे ते स्वतः पाहावयास सुरुवात केली आणि उशीर होईल असे वाटले तर ते घाईने घरी येऊ लागले. त्या मुलीला त्या वर्षात गल्लीबाहेर जाता आले नाही, तरी तिने सूर्याचे सहा महिन्यांचे येणे-जाणे गच्चीवरून मोजले. आज ती भूगोल विषय घेऊन महाविद्यालयात शिकते आहे. पालकांना माझी नम्र विनंती आहे. मुलीने कोठे जावे, कधी जावे, ह्याबद्दल तुमचे विचार काही असोत, घरातल्या घरात पाहण्याची आणि प्रश्न विचारण्याची मोकळीक तरी तिला द्या. पुढची वाट ती स्वतः विचारीत जाईल.

ज्यांना हा अभ्यास करावयाचा आहे त्यांच्यासाठी रीत थोडक्यात सांगतो. जागा घराजवळची निवडा, कारण लांबच्या जागेचा उत्साह महिनाभरात संपतो. उभे राहण्याचे ठिकाण पक्के करा. दगड, पायरी, विजेचा खांब, काहीही चालेल. दृश्यात एक जवळची आणि एक दूरची अशा दोन खुणा शोधा आणि त्या एकामागे एक येतील असे उभे राहा. मी बाभळीचे खोड आणि लांबचा विजेचा मनोरा जुळवून घेतो. वीतभर बाजूला सरकलो तरी त्या दोन खुणा फुटतात आणि चूक लगेच कळते. फोन उंचीला नेहमी सारखा धरा. दृश्य मोठे करून जवळ आणू नका, रंग बदलू नका. आभाळ आहे तसे येऊ द्या. फोटोबरोबर तारीख, वेळ आणि एक वाक्य वहीत लिहा, कारण फोन बिघडतो, हरवतो, बदलतो. वही राहते. वर्षातून एकदा निवडक बारा फोटो कागदावर छापून घ्या आणि मागे पेनाने तारीख घाला. ज्या फोटोवर तारीख नाही, तो नुसता सुंदर असतो. साक्षीला तो उपयोगी पडत नाही.

साक्ष हा शब्द मी मुद्दाम वापरला. ज्या गिरण्यांच्या भोंग्यावर आपले आजोबा घड्याळ लावीत, त्या गिरण्यांचे धुराडे, फाटक, पाळी सुटल्यावरची गर्दी, ह्यांचे किती फोटो आपल्या समाजाजवळ आहेत? त्या कामगारांत आपली किती माणसे होती! अलीकडचे पाहावयाचे तर सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. ती पाडावी की न पाडावी ह्या वादात मी शिरत नाही. पण पाडताना हजारो लोकांनी फोन उंचावून चित्रण केले. ती उभी असताना, रोजच्या सकाळी, मागे आभाळ आणि पुढे ऊस घेऊन येणाऱ्या गाड्या, असे किती जणांनी टिपले असेल? वस्तू जाताना आपण सर्व धावतो. ती असताना पाहणारा एखादाच. तो एखादा आपल्या शाळेतून निघावा, अशी माझी इच्छा आहे.

काही बुजुर्ग मला विचारतात की फोटो काढणे कितपत योग्य? सजीवांच्या चित्रांविषयी उलेमांत जी मतमतांतरे आहेत त्यांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पाणी, झाड, माती आणि आभाळ ह्यांच्या चित्राला हरकत घेतलेली मी ऐकलेली नाही. उलट निर्मितीकडे लक्षपूर्वक पाहा, हे तर आपल्याला बालपणापासून सांगितले जाते. दुसरा आक्षेप परीक्षेचा. ह्या छंदाने गुण वाढतात काय? मी खोटे आश्वासन देणार नाही. पण जो विद्यार्थी एका दगडाशी वर्षभर प्रामाणिक राहतो, त्याला पुस्तकाशी प्रामाणिक राहणे जड जात नाही, एवढे मी पाहिले आहे.

शेवटी एक गोष्ट सांगून मी थांबतो. रविवारच्या छायाचित्रांखेरीज दर ईदुल-फित्रला, नमाज आणि गळाभेटी आटोपल्यावर, संध्याकाळी मी त्याच दगडावरून एक छायाचित्र घेतो. हे २०१५ पासून चालू आहे. त्या वर्षी ईद १८ जुलैला होती. पावसाळा लागला होता, पण वर्ष अवर्षणाचे, त्यामुळे आभाळ ढगाळ आणि काठ कोरडा असे ते छायाचित्र आहे. २०१८ मध्ये ईद १६ जूनला आली, २०२३ मध्ये २२ एप्रिलला, आणि २०२५ मध्ये ३१ मार्चला. आपले चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून ईद दर साली तितके दिवस मागे येते. छायाचित्रे ओळीने लावली की ऋतू उलटे चालताना दिसतात. पावसाळ्याकडून उन्हाळ्याकडे, आणि आता उन्हाळ्याकडून हिवाळ्याकडे. लवकरच ईदच्या संध्याकाळी त्या पाण्यावर उत्तरेकडून आलेली बदके असतील.

ह्या ओळीत दोन चौकटी रिकाम्या आहेत. २०२० आणि २०२१ च्या ईदला घराबाहेर पडता आले नाही. मागाहून दुसऱ्या दिवसाचे छायाचित्र तेथे लावता आले असते, पण मी लावले नाही. त्या दोन वर्षांत आपल्यातून जी माणसे गेली, त्यांची आठवण त्या रिकाम्या चौकटींत आहे असे मी समजतो.

ईदला सर्व ऋतूंतून फिरून पुन्हा जुलैच्या मध्यावर यावयास सुमारे तेहेतीस वर्षे लागतात. म्हणजे २०४७-४८ च्या सुमारास ही फेरी पुरी होईल. मी शिक्षक आहे आणि माझ्या निवृत्तीचे वयही त्याच सुमारास भरते. तोपर्यंत मी असेन किंवा नसेन, ते अल्लाहच्या हाती आहे. दगड बहुधा असेल. म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपुढे मी एक सूचना ठेवतो. ह्या स्मरणिकेचे एक पान कायमचे राखून ठेवावे. शाळेच्या मुख्य पायरीवरून समोर जे दिसते त्याचे एक छायाचित्र दर २६ जानेवारीला, झेंडावंदनानंतर, दहावीच्या विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने काढावे आणि ते तारखेसह त्या पानावर छापावे. खर्च काही नाही. समोरचा रस्ता, ती चिंच, ती दुकाने, आज कोणाला त्यांचे काही वाटणार नाही. पण आज जी मुले पुढच्या रांगेत बसली आहेत, त्यांची मुले ह्या शाळेत येतील तेव्हा ती पाने उलटून पाहतील. त्यांच्या मागे मग रंगवलेला पडदा नसेल.